मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमधील हवा घरच्या घरी कशी काढावी

डिस्क ब्रेकचा लिव्हर थोडा दाबल्यावर ठामपणे अडला पाहिजे. तो मऊ लागत असेल, दोन-तीन वेळा पंप मारल्यावरच पकड येत असेल किंवा दाबताना थेट ग्रिपला टेकत असेल, तर ब्रेकच्या यंत्रणेत हवा शिरल्याची शंका घ्यावी. ही हवा काढण्याचे काम साधी हत्यारे, एक मदतनीस आणि सुटीच्या दिवसाचे दोन-तीन निवांत तास एवढ्यावर घरी उत्तम करता येते. मात्र हे काम अर्धवट झालेले चालत नाही, म्हणून प्रत्येक पायरीमागचे कारण समजल्याशिवाय पाना हाती घेऊ नये. पुढे एक डिस्क आणि मागे ड्रम असलेली, बजाज पल्सर १५० सारखी आपल्याकडे सर्वत्र दिसणारी गाडी येथे डोळ्यांसमोर ठेवली आहे. मागेही डिस्क असल्यास काय बदलते, तेही पुढे सांगितले आहे. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये ऑइलच नसते, त्यामुळे त्यातून हवा काढण्याचा प्रश्न येत नाही.

लिव्हर दाबला की त्याच्याजवळच्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल पुढे ढकलतो, तो दाब होजमधून (रबरी नळीतून) कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भागाच्या, पिस्टनपर्यंत पोहोचतो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. द्रव दाबला जात नाही, म्हणून बोटांनी दिलेला दाब वाटेत वाया न जाता चाकापर्यंत जातो. हवा मात्र दाबली जाते. नळीत बुडबुडा असेल, तर लिव्हरची बरीचशी चाल त्या बुडबुड्याला आकसवण्यातच खर्च होते आणि पॅडपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही.

हवेइतकाच दुसरा शत्रू म्हणजे पाणी, आणि त्याकडे फार कमी गाडीमालकांचे लक्ष असते. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते व ते हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ या प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. आंबोली किंवा कुंभार्लीचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला, तर कॅलिपर तापतो, जुन्या ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि घरातून निघताना ठाम असलेला लिव्हर ऐन वळणावर ग्रिपला टेकतो. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा पूर्ववत वाटतो, त्यामुळे दोष होता हेच चालकाला पटत नाही. म्हणून हवा काढण्याचे काम आणि ऑइल बदलण्याचे काम मी वेगळे मानत नाही. निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा व ऑइल बाहेर सोडणारा छोटा पोकळ स्क्रू, उघडणारच असाल, तर यंत्रणेतले सगळे जुने ऑइल बाहेर काढावे.

ऑइलचे वय किलोमीटरवर नव्हे, तर दिनदर्शिकेवर मोजावे. अनेक उत्पादक दोन वर्षांची मुदत देतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत त्याहून कमी मुदत असेल तर तीच पाळावी. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी हे काम भर पावसाळ्यात काढू नये, कारण उघड्या ऑइलला दमट हवा लागते. दसऱ्याला गाडी धुऊन पूजेसाठी तयार करण्याच्या सुमारास हवा कोरडी होऊ लागते, आणि माझ्या मते तो काळ या कामाला सर्वांत सोयीचा आहे.

आधी निदान

मऊ लिव्हरचे कारण दर वेळी हवाच असते असे नाही. हवा काढून दुसरा दोष झाकला जाऊ नये, यासाठी आधी काही गोष्टी पाहाव्यात. हँडलवरच्या ऑइलच्या डबीतली पातळी खालच्या खुणेजवळ गेली असेल, तर वरून ऑइल ओतण्याआधी पॅड तपासावेत. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्या मागची वाढलेली जागा ऑइल व्यापते, म्हणून गळती नसतानाही पातळी उतरते. पॅडवरची झीज दाखवणारी खाच नाहीशी झाली असल्यास नवे पॅड आधी बसवावेत, कारण नंतर पिस्टन आत ढकलताना वर आलेले ऑइल डबीतून सांडते. त्यानंतर होज, तिच्या दोन्ही टोकांचे पोकळ बोल्ट, कॅलिपरचे सील आणि लिव्हरच्या सांध्याजवळचा मास्टर सिलिंडरचा भाग कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावेत. फडक्यावर ओल उमटली, तर गळती आधी दुरुस्त केली पाहिजे. लिव्हर हलका पण सतत दाबून धरला असता तो हळूहळू खाली जात राहिला आणि बाहेर कोठेच ओल नसली, तर मास्टर सिलिंडरचे आतले सील गेल्याची शक्यता मोठी असते, आणि कितीही हवा काढली तरी तो ब्रेक सुधारणार नाही.

सामान

डबीच्या झाकणावर ऑइलची प्रत छापलेली किंवा कोरलेली असते आणि तीच आणावी. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते, पण उलट करू नये. डॉट ५ हे मात्र सिलिकॉनचे वेगळेच ऑइल आहे. नावात आकडा मोठा म्हणून ते चांगले, असे समजून ते घालू नये आणि कोणत्याही परिस्थितीत इतर ऑइलमध्ये मिसळू नये. डॉट ५.१ हे पुन्हा ग्लायकॉलचेच असते, त्यामुळे खरेदी करताना हे दोन आकडे नीट वाचावेत. एका डिस्कसाठी २५० मिलिलिटरची सीलबंद बाटली पुरून उरते. अर्धी वापरून कपाटात ठेवलेली जुनी बाटली कितीही स्वच्छ दिसली, तरी वापरू नये, कारण तिने तोपर्यंत ओल शोषलेली असते.

निपलसाठी रिंग पाना घ्यावा. त्याचे माप सहसा ८ मिलिमीटर असते, काही कॅलिपरवर ७, १० किंवा ११ चाही लागतो. उघड्या तोंडाचा पाना येथे टाळावा, कारण त्याने निपलच्या कडा गोल होतात आणि मग ते काढणे हेच मोठे काम होऊन बसते. याखेरीज निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी (मत्स्यालयाची नळी उत्तम चालते), काचेची बाटली, औषधाची मोठी सिरिंज, डबीच्या स्क्रूंना अचूक बसणारा पेचकस, हातमोजे, चष्मा, भरपूर सुती फडकी आणि एक बादली पाणी जवळ ठेवावे. पाणी शोभेसाठी नाही: ब्रेक ऑइल रंग खाते आणि पेट्रोलच्या टाकीवर पडलेला थेंब नुसता पुसला तर तो पसरतो, म्हणून तो लगेच पाण्याने धुवावा. डोळ्यात उडाल्यास बराच वेळ वाहत्या पाण्याखाली डोळा धरून डॉक्टरांकडे जावे. ब्रेकच्या आतल्या भागांना पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा ग्रीस लागू देऊ नये, कारण त्यांतले रबरी सील या पदार्थांनी फुगतात.

डबी उघडण्याआधी

गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जमिनीवर उभी करावी आणि हँडल अशा कोनात वळवून बांधावे की डबीतले ऑइल समतल दिसेल. टाकी व पुढचा मडगार्ड जुन्या चादरीने झाकावा. डबी, झाकण आणि कॅलिपरचा निपलजवळचा भाग आधी धुऊन कोरडा करावा, कारण झाकण उघडताना कडेवरची माती आत पडली, तर ती थेट सिलिंडरमध्ये जाते.

झाकणाचे स्क्रू मऊ धातूचे असतात आणि त्यांचा माथा सहज झिजतो. पेचकस उभा धरून, वरून जोर देत, सावकाश फिरवावा. स्क्रू अडला, तर पेचकसाच्या मुठीवर एक-दोन हलके ठोके दिल्याने तो बहुधा सुटतो. झाकणाखालचा रबरी पडदा काढून स्वच्छ फडक्यावर ठेवावा. डबीतले बरेचसे जुने ऑइल सिरिंजने ओढून घ्यावे, पण तळाची छिद्रे उघडी पडू देऊ नयेत. तळाशी गाळ असल्यास तो फडक्याने टिपावा आणि वरच्या खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. बाटली हलवू नये, आणि ऑइल डबीच्या कडेने बारीक धारेने ओतावे, म्हणजे त्यात नवे बुडबुडे तयार होत नाहीत. यानंतर झाकण स्क्रू न लावता नुसते वर ठेवावे. लिव्हर सोडल्यावर तळाच्या बारीक छिद्रातून ऑइलचे कारंजे वर उडू शकते.

निपल उघडण्याची पद्धत

निपलची रबरी टोपी काढून आधी रिंग पाना चढवावा आणि मगच नळी बसवावी. क्रम उलटला तर पाना चढत नाही. नळीचे दुसरे टोक बाटलीत, आधीच ओतलेल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवावे. नळी निपलपासून आधी थोडी वर जाऊन मग बाटलीत उतरेल अशी धरावी, म्हणजे बाहेर आलेले बुडबुडे निपलकडे परत येत नाहीत आणि ते डोळ्यांना स्पष्ट दिसतात. निपल गंजून अडकले असेल, तर त्याच्या मुळाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचा एखादाच थेंब टाकून काही तास थांबावे आणि तो पॅड किंवा डिस्कवर ओघळणार नाही याची काळजी घ्यावी. जोर करून निपल तुटले, तर कॅलिपर उतरवण्याची वेळ येते, म्हणून न सुटणारे निपल मेकॅनिककडे सोपवणे हेच शहाणपणाचे.

आता एकाने लिव्हरवर आणि दुसऱ्याने पान्यावर बसावे. दोघांचे शब्द आधीच ठरलेले असावेत. लिव्हरवरच्या माणसाने सावकाश दोन-तीन वेळा पंप करून लिव्हर दाबून धरावा आणि ‘धरलाय’ असे सांगावे. पान्यावरच्या माणसाने निपल पाव आटा उघडावे. ऑइल नळीत येईल आणि लिव्हर आत जाऊ लागेल. तो चालीच्या टोकाला पोहोचण्याच्या आत निपल बंद करून ‘सोड’ म्हणावे, आणि हा शब्द कानावर पडल्यावरच लिव्हर सोडावा. साऱ्या कामाचा जीव या क्रमात आहे. निपल उघडे असताना लिव्हर परत आला, तर पिस्टन मागे जाताना बाहेरची हवा आत ओढून घेतो, आणि तोवरची मेहनत वाया जाते. सवयीने हात वेगाने चालू लागला की नेमकी याच ठिकाणी चूक होते, म्हणून दोघांनीही प्रत्येक वेळी शब्द उच्चारावेत. नुसत्या नजरेच्या खुणेवर विसंबू नये.

लिव्हर भराभर पंप करू नये. वेगाने पंप मारल्यास मोठ्या बुडबुड्याचे असंख्य बारीक बुडबुडे होतात, आणि असा फेस काढणे मोठा बुडबुडा काढण्यापेक्षा कठीण असते. गाडी बरीच जुनी असेल, तर लिव्हर आणि ग्रिप यांच्यामध्ये लाकडाची जाड पट्टी ठेवून त्याची चाल मर्यादित करावी. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टनचे सील रोज पोहोचत नाही, तेथे गाळ व गंज साचलेला असतो, आणि लिव्हर पूर्ण आत गेल्यास त्यावरून घासून सील फाटू शकते. चांगला चाललेला ब्रेक हवा काढल्यानंतर लगेच बिघडला, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते आणि तिच्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

चार-पाच वेळा निपल उघडून झाले की डबीतली पातळी पाहावी व ऑइल घालावे. डबी रिकामी होऊ देणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण वरून शिरलेली हवा मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत साऱ्या मार्गात पसरते आणि काम पहिल्यापासून करावे लागते. लिव्हरवरच्या माणसाकडेच पातळीची जबाबदारी द्यावी. नळीतून आधी चहाच्या रंगाचे ऑइल येते, मग ते फिकट होत जाते आणि शेवटी नव्या ऑइलसारखे स्वच्छ दिसते. स्वच्छ ऑइल दिसले आणि सलग आठ-दहा वेळा एकही बुडबुडा आला नाही, तरच थांबावे. मध्येच कॅलिपरवर आणि होजवर पेचकसाच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलके ठोकत राहिल्यास कडेला चिकटलेले बुडबुडे सुटतात.

एकट्याने काम करणारे बहुधा निपलवर सिरिंज किंवा हातपंप लावून ऑइल खालून ओढतात. ही पद्धत चालते, पण निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा नळीत येते आणि न संपणारे बुडबुडे दिसत राहतात. आतली हवा संपली तरी काम संपत नाही असे वाटून माणूस उगाच ऑइल वाया घालवतो, म्हणून शेवटचे काही फेरे लिव्हर दाबून वरील पद्धतीनेच करावेत.

निपल बंद करताना फार जोर लावू नये. त्याचे शंकूसारखे टोक जागेवर बसले की गळती थांबते, आणि त्यासाठी छोट्या पान्यावर मनगटाचा बेताचा जोर पुरतो. जास्त आवळले तर ॲल्युमिनियमच्या कॅलिपरचे आटे जातात. पुस्तिकेत टॉर्क दिलेला असेल आणि टॉर्क पाना असेल, तर त्यानेच आवळावे. निपलच्या तोंडातले ऑइल टिपून रबरी टोपी परत बसवावी; ती नसेल तर पावसाचे पाणी आत साचून पुढच्या वेळी निपल गंजलेले सापडते. डबीत ऑइल वरच्या खुणेपर्यंतच भरावे, त्याहून वर नको. तापल्यावर ऑइल प्रसरण पावते, आणि त्याला जागा मिळाली नाही तर पॅड डिस्कला घासत राहतात. रबरी पडदा सरळ करून, झाकण बसवून, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत.

इतके करूनही लिव्हर मऊच राहिला तर

बहुतेकदा उरलेली हवा वरच्या टोकाला, मास्टर सिलिंडरला होज जोडणाऱ्या बोल्टजवळ अडकलेली असते. हवेला वर जायचे असते आणि आपण तिला खाली ढकलत असतो, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे. डबीचे झाकण उघडे ठेवून लिव्हर अगदी थोडा, जेमतेम बोटाच्या पेराइतका, पुन्हा पुन्हा दाबून सोडावा. तळाच्या छिद्रातून टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. ते थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. लिव्हर रबराने ग्रिपला हलका दाबून बांधून रात्रभर तसाच ठेवण्याची रीतही प्रचलित आहे. दाबाखाली बुडबुडे आकसतात, हळूहळू वर सरकतात आणि सकाळी लिव्हर सोडल्यावर डबीत निघून जातात. याने फरक पडतो, पण हा उरल्यासुरल्या हवेवरचा उपाय आहे, हवा काढण्याला पर्याय नव्हे.

तरीही फरक नसेल, तर वरचा बोल्ट आणि त्याचे दोन्ही वॉशर पाहावेत. तांब्याचे वॉशर एकदा सोडवल्यावर नवेच घालावेत, कारण दबलेला वॉशर पुन्हा तितक्या खात्रीने बसत नाही. लिव्हर दाबताना रबरी होज फुगताना हाताला जाणवत असेल, तर ती बदलण्याची वेळ आली आहे.

मागची डिस्क आणि एबीएस

मागच्या ब्रेकची पद्धत तीच आहे. लिव्हरऐवजी पायाचे पेडल येते आणि डबी बहुधा बाजूच्या पॅनेलजवळ असते. ती लहान असते, त्यामुळे पातळी दर दोन-तीन फेऱ्यांनी पाहावी. कॅलिपर ज्या स्थितीत बसवलेला आहे, त्यात निपल सर्वांत वर नसेल, तर हवा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी कॅलिपरचे बोल्ट काढून तो निपल वर येईल असा धरावा, पण पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी अवश्य घालावी. नाहीतर पेडल दाबताच पिस्टन बाहेर निसटतात. पेडल दाबल्यावर पुढचाही ब्रेक लागतो अशी जोडरचना असेल, तर हवा काढण्याचा क्रम पुस्तिकेतूनच घ्यावा.

१ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, त्यामुळे त्यानंतर घेतलेल्या पल्सर १५० सारख्या गाडीत ते असणारच. नेहमीचे ऑइल बदलताना वरील पद्धत एबीएसच्या गाडीलाही लागू पडते. मात्र डबी रिकामी झाली, होज काढली किंवा एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर त्याच्या आतले झडप आणि पंप चालवून हवा काढावी लागते, आणि त्यासाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधले निदानयंत्र लागते. तेथे घरच्या प्रयत्नांवर वेळ घालवू नये, आणि गाडी चालवत नव्हे तर टेम्पोतून न्यावी.

रस्त्यावर जाण्याआधी

सारे भाग पाण्याने धुऊन कोरडे करावेत. डिस्कवर ऑइलचा अंशही राहिला असेल, तर ती ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. ऑइलने भिजलेले पॅड मात्र पुसून नीट होत नाहीत, ते बदलावेच लागतात. इंजिन बंद ठेवून लिव्हर पूर्ण ताकदीने दाबून मिनिटभर धरावा. तो खाली सरकता कामा नये, आणि निपल व बोल्टजवळ ओल दिसता कामा नये. लिव्हर सोडल्यावर पुढचे चाक उचलून हाताने फिरवून पाहावे. ते अडखळत असेल, तर डबीत ऑइल जास्त झाले आहे का ते तपासावे. मग गाडी ढकलत नेऊन ब्रेक लावावा, आणि त्यानंतरच मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगापासून सुरुवात करून, मागचा ब्रेक हाताशी ठेवत चाचणी घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना लिव्हर पुन्हा दाबून पाहावा. रात्रीत तो मऊ झाला असेल, तर कोठेतरी हवा किंवा गळती शिल्लक आहे आणि ती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

काढलेले ऑइल गटारात, मातीत किंवा मोरीत ओतू नये. ते इंजिनच्या जुन्या ऑइलमध्ये न मिसळता वेगळ्या बाटलीत भरावे, बाटलीवर नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी आणि टाकाऊ ऑइल रीतसर देणाऱ्या गॅरेजला विचारून तेथे सोपवावी. नव्या बाटलीत उरलेले ऑइलही त्याच वेळी देऊन टाकावे. ऑइल बदलल्याची तारीख आणि त्याची प्रत गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवावी.